नऊ ग्रॅम चुरा

सोमवार, ३ मार्च
आजपासून भाचीच्या कामात नाक खुपसायचं नाही. लॅबमध्ये ती मॅडम, मी अटेंडंट. मामा फक्त घरी.
काम काय, तर मातीत कुजणाऱ्या प्लास्टिकच्या लांब साखळीला जागोजागी दुसऱ्या साखळ्या जोडायच्या. झाडाला कलम करतात तसं. मध्ये चिमूटभर तांब्याचं मीठ टाकलं की टोकाला टोक क्लिक बसतं. म्हणजे टिचबटण. मी म्हटलं, टिचबटण लावायला दोन दिवस? म्हणाली, मामा, लावायला दोन आणि धुवायला दोन. नुसता फापटपसारा.
माल नऊ ग्रॅम. दीड महिन्याची मेहनत. शुक्रवारी बाराच्या आत टेस्टिंगला गेला तर फेलोशिप वर्षभर वाढणार. नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा.

मंगळवार, ४ मार्च
माल पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात सोडलाय. तांबं निघून जावं म्हणून पिशवीभोवतीचं पाणी दर दोन तासांनी बदला, असं सांगून गेली. बदललं. दोनदा. पाणी स्वच्छच दिसतं, उगाच नासाडी.
संध्याकाळी विचारलं, किती वेळा? म्हटलं, पुरेसं. तिने पिशवी उजेडात धरली. म्हणाली, अजून हिरवट आहे, मीच थांबते आता. हट्टी. ताईवर गेलीय.

बुधवार, ५ मार्च
धुऊन पांढराशुभ्र चुरा निघाला. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवला. हवा खेचून ओल काढणारा पंप चालू, हीटर बंद, शुक्रवार सकाळपर्यंत. ओव्हन, आणि हीटर बंद! म्हणे साठ डिग्रीला वितळतं. आपल्याला काय. आपण बघायचंसुद्धा नाही.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी ११
डोळे सुजलेत तिचे. घरी पाठवली. म्हटलं, मी आहे ना. म्हणाली, मामा, फक्त पंपाचा आवाज ऐका, बटणाला हात लावू नका. एकतीस वर्षं नोकरी झालीय माझी!

दुपारी २.१०
पंप थांबवून चुरा फॉइलवर पसरला. चिमटीत ओलसर लागतो. असाच गेला तर नापास कोण होणार? तीच.

२.२५
पन्नासवर ठेवलं. साठच्या खाली. आम्हालाही कळतं.

२.५०
पन्नासने काय होतंय. बटण जरा पुढे सरकवलं. जरा.

३.३०
पाच मिनिटं डोळा लागला. चुरा नाही. फॉइलवरून ओघळून जाळीखाली मेणासारखं काहीतरी पसरलंय. गंजावर, जुन्या तेलावर. काटा नव्वदवर. काटा खराब असणार.

४.१५
घाबरायचं कारण नाही. गार झालं की पुन्हा चुरा होतो. खरवडला. किंचित तपकिरी. वजन केलं, अकरा ग्रॅम. उलट वाढलंच.

५.००
ठरलं. लाइट वर-खाली झाले, असं सांगायचं.

शुक्रवार, ७ मार्च
लाइटचं सांगितलं. ती बाटलीतला चुरा बराच वेळ हलवून बघत राहिली. मग विचारलं, मामा, किती डिग्री? किती वेळ? ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. सांगितलं. नव्वद, चाळीस मिनिटं. तिने तारीख टाकून वहीत उतरवलं. नाव नाही लिहिलं.
बाराला पार्सलवाला आला, रिकाम्या हाताने गेला.
साडेबाराला तिचे गाइड सर आले. दारातूनच म्हणाले, हे कुणी केलं? मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. त्याआधी ती म्हणाली, माझ्याकडून झालं, सर.
मी ओव्हन पुसत होतो. पुसून झाला होता. पुसतच राहिलो.