माह्या शर्टांचं दुपटं

तीर्थरूप मायले प्रेमानंदचा नंदनवनच्या खोलीवरून जय भीम.

माय वं, मी बरा आहे. फोनच केला असता, पण स्पीकर लावल्याबिगर तुले ऐकू येत नाही, अन् तुह्या सुनेले, मेघाले, अशा दिवसात घोर नको. चिठ्ठी एकटीच वाच.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या आमच्या कारखान्यात डॉक्टर आले होते. माह्या रक्तात शिसं जास्त निघालं. आता मले भट्टीवरून काढून गेटवर बसवलं आहे, काम हलकं आहे. खोलीतला लहानू पुलांचा जुना, शिसं असलेला रंग खरवडते, त्याच्याही रक्तात तेच निघालं. हात जरा थरथरतात, म्हणून अक्षर वाकडं आहे.

डॉक्टर म्हणे, शिशाची धूळ कपड्यात बसते, धुतल्यानंही पुरी जात नाही, अन् लेकराले लवकर बाधते. तवा आठवलं, बाळाच्या दुपट्यासाठी मी कामावरचेच शर्ट दिले. घालून घालून मऊ झाले होते ना!

शिवून झालं काय वं? झालं असन तरी उसवू नको, झटकू नको, चुलीत तं घालूच नको. पिशवीत बांधून मेघापासून दूर ठेव, अन् हात साबणानं धू. मी येऊन घेऊन जातो.

मेघा रुसन. बाळाले बापाचाच शर्ट पाहिजे, हा हट्ट तिचा होता. तिले काहीतरी सांग. शेळी व्याली काय?

दुपटं तुह्या जुन्या पातळाचं कर. मी त्यातच वाढलो, अन् तवा मले काहीच झालं नव्हतं.

तुहा,
प्रेमानंद