आधी एक हिवाळा

२ मे
आले! दोन माणसं, सात बॅगा, एक दुर्बीण. योस्ट आणि आनेका. नवरा-बायको, निवृत्त, हॉलंडहून थेट चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोए बेटावर. माझ्या भावाचं, एलिसेओचं घर विकत घ्यायचंय म्हणे. लाँचमधून उतरल्या उतरल्या योस्टने समुद्राकडे हात केला. "हेच! हेच पाहिजे होतं!" दात वाजत होते त्याचे.

मी सांगितलं, घर विकायचंच आहे, पण आधी एक हिवाळा भाड्याने राहा. मग बोलू. "असा नियम कुठे आहे?" म्हणाला. म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात.

एलिसेओ पुंता अरेनासला मुलीकडे गेला त्याला तीन वर्षं झाली. खालच्या किनाऱ्यावर दोनच घरं – त्याचं आणि माझं. बाकी सगळं गाव वर, देवळाभोवती. मागचं फ्रेंच गिऱ्हाईक जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, कुत्र्यासकट पळालं. समोरची खिडकी पुन्हा अंधारी झालेली मला बघवणार नाही. मला एकटीला भीती वाटते. हे फक्त इथे लिहिते. वरच्या बैलवाल्या बेलार्मिनोला कळलं तर रविवारी प्रार्थनेआधी गावभर होईल.

५ मे
योस्टने कागद वाचून दाखवला – "आम्हाला कसं जगायचं आहे." परदेशात घर घेण्याआधी हे ठरवावं, असं कुणा शहाण्याने सांगितलंय त्याला. सात मुद्दे! शांतता. एकांत. समुद्राकडे खिडकी. स्वतः पिकवलेले बटाटे. शेजाऱ्यांची लुडबुड नको... पुढचे दोन मी ऐकलेच नाहीत, चुलीवर मिलकाओच्या भाकऱ्या लागत होत्या. आनेकाने बटाट्याचे तीन मिलकाओ खाल्ले, तेही चरबीसकट.

एकांत! फ्रेंचही हेच म्हणायचे. बरं. देते एकांत.

६ मे
वर जाऊन निरोप दिला – पाहुण्यांना हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही, पोरांनी हात हलवायचा नाही.

बेलार्मिनो म्हणाला, "आणि बुडायला लागले तर?"

"तर आधी विचार, काढलं तर चालेल का."

इतका हसला की कवळी हातात आली.

१४ मे
काम फत्ते! योस्ट "नमस्कार, नमस्कार" करत देवळापर्यंत गेला आणि माणसं झाडांचे शेंडे बघत उभी राहिली. रोसाल्बाने तर त्याला वाट द्यायला चरात पाय घातला. कुत्रे तेवढे भुंकले. त्यांना निरोप पोचला नव्हता.

१५ मे
पाऊस.

१९ मे
पाऊस. योस्ट दुर्बीण लावून बसलाय. काय दिसतं कोण जाणे, समुद्र तर काचेवरच येऊन बसलाय.

२ जून
आनेका आली. मागच्या दाराने, न वाजवता. मी माते, आमचा कडू चहा, पुढे केला, तिने माझ्याच नळीने ओढला. नाक मुरडलं नाही.

मग विचारलं, "एतेल्विनाबाई, लोक आमच्यावर रागावलेत का?"

"छे गं! तुमचा कागद पाळतायत."

ती जी हसली, जी हसली – आणि हसता हसता रडली. "तो कागद त्याचा आहे. त्याला चाळीस वर्षं ऑफिसातल्या माणसांनी छळलं. मला कोण छळणार? मी घरातच होते. मला छळायला पण कुणी नव्हतं."

मी अजून एक मिलकाओ वाढला. उद्यापासून रोज चारला येणार म्हणाली. नवऱ्याला सांगणार – फिरायला जाते. पावसात!

२० जून
योस्टची चूल धुमसतेय. ओली लाकडं घेतलीत त्याने. धूर वरच्या गावापर्यंत दिसतो आणि कुणी हलत नाही. बेलार्मिनोने विचारलं, "जाऊ का गं?" म्हटलं, थांब.

पण जास्त ताणलं का मी? हेही गेले तर? फजिती त्यांची की माझी? बघ एतेल्विना, जीभ आवर आता.

२३ जून
आज गेला! ओली लाकडं कवेत घेऊन स्वतः बेलार्मिनोच्या दारात. बेलार्मिनोने दार उघडलं आणि नुसता उभा.

"बोला ना!" योस्ट ओरडला.

"परवानगी आहे?"

"आहे!"

"लेखी?"

एक गाडीभर सुकं लाकूड मिळालं. दुपारी गेलेला माणूस संध्याकाळी बेलार्मिनोच्या खांद्यावर हात टाकून परतला, पोटात चिचा, आमची सफरचंदाची दारू, ओठांवर कुठलंतरी हॉलंडचं गाणं. भयंकर सूर. समोरच्या खिडकीत योस्ट-आनेकाच्या सावल्या दिसल्या. मी मुद्दाम पडदा लावला नाही.

१२ सप्टेंबर
रोसाल्बाचं घर हलवलं. ओढा काठ खातोय, म्हणून मुलीच्या शेजारी न्यायचं. दारं-खिडक्या काढल्या, चूल काढली, घराखाली ओंडके सरकवले, पुढे आठ जोड्या बैल. योस्टला वाटलं आम्ही थट्टा करतोय. घर डुलत निघालं तेव्हा दुर्बीण गवतात टाकून चिखलात उतरला आणि दोर धरला. चुकीचा दोर. पण सोडला नाही. एक बूट गेला त्याचा.

जेवताना बेलार्मिनोला विचारतो कसा – "मजुरी किती देतात?"

बेलार्मिनोने काटाच खाली ठेवला. "मजुरी? ही मिंगा आहे, बाबा. तिने दारात येऊन विनंती केली, आम्ही आलो. तिने जेवू घातलं. उद्या आम्ही बोलावू, ती येईल."

"आणि मी बोलावलं तर?"

रोसाल्बा म्हणाली, "बोलावून तर बघ."

२ ऑक्टोबर
घेतलं! घर घेतलं!! हिवाळा संपला आणि ते इथेच आहेत. एलिसेओला फोन केला, तो म्हणाला, "एवढी का ओरडतेस, मी बहिरा नाही." कोंबडी कापली. स्वतःशीच नाचले थोडी, गुडघा दुखतोय.

९ ऑक्टोबर
योस्ट सकाळपासून टोपी हातात घेऊन वर घरोघर फिरत होता. मला वाटलं बियाणं मागतोय. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आला. आनेका मागे उभी, खाली मान.

"एतेल्विनाबाई, विनंती करायला आलोय. पुढच्या शनिवारी मिंगा आहे. घर वर न्यायचंय, देवळाजवळ. रोसाल्बाबाईंनी त्यांच्या नव्या घराशेजारी जागा दिली. आनेकाला माणसांत राहायचंय." मग हळूच, "मलापण."

एकवीस घरांनी हो म्हटलंय. विनंती अगदी रीतीप्रमाणे केली त्याने, एक शब्द चुकला नाही. कुणी शिकवलं असेल? मीच. रोज चारला आनेकाला गावच्या रीती सांगत बसायचे. हे सगळं मीच.

हो म्हटलं. मिंगाला नाही म्हणता येत नाही. दार लावून घेतलं आणि खूप रडले.

१६ ऑक्टोबर
गेलं घर. दहा जोड्या बैल. मीही दोर ओढला – बरोबर दोर. आनेका वळून वळून माझ्याकडे बघत होती. वर सगळे नाचले, मी पण टाळ्या वाजवल्या.

खाली आले तर समोर पिवळ्या गवताचा चौकोन आणि मग नुसता समुद्र. त्रेसष्ट वर्षं इथे राहिले. का राहायचंय, कसं राहायचंय, असं मला कधी कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्या योस्टच्या कागदाला किती हसले मी!

१७ ऑक्टोबर
उजाडताच वर गेले. बेलार्मिनो बैल चरायला सोडायच्या बेतात होता. डोक्यावरची शाल काढून हातात घेतली आणि म्हटलं, थांब, सोडू नकोस – विनंती करायला आलेय. माझंही घर वर आणायचंय.