खारीचा घेवडा

सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

माझं बी किडकं होतं म्हणे! फोनवर असं बोललास आणि वर हसलास. अरे, त्याच शेंगांतलं बी मी इथे मागच्या दारी टाकलंय, तर वेल कपड्यांच्या तारेवर चढून बसलाय. ओले टॉवेल कुठे घालू ते कळत नाही. किडकं बी असं करतं का? उगवलं नाही त्याचं कारण तुझ्या घरात आहे, माझ्या पुडीत नाही.

असो. कसा आहेस? मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याला कुरकुरू देते. सूनबाईला म्हणावं, पडून राहा, भांडी कुठे पळून जात नाहीत. भांडी तू घास. तुला येतात, मीच शिकवलंय.

पत्र लिहितेय कारण फोनवर तू "बरं बरं, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, सावकाश वाच.

आता बी. काल तू आंघोळीला गेलास तेव्हा खारीने मला फोनवर सगळं सांगितलं. चहाच्या डब्याला खालून भोकं पाडलीस, बरं केलंस. माती भुसभुशीत घातलीस, तेही बरं. पण तुझी लेक रोज शाळेतून आली की माती उकरते, दाणा काढून उलटापालटा बघते आणि परत पुरते. खार नाव ठेवलं ते उगीच नाही. मी विचारलं, "अगं भवाने, कशाला उकरतेस?" तर म्हणाली, "आत काय चाललंय ते कोणी सांगतच नाही."

 

तिच्यावर ओरडू नकोस. काचेचा पेला घे. आतून ओला कागद लाव, हात पुसायचा जाड असतो तो. वर्तमानपत्र नको, शाई सुटते. काच आणि कागद यांच्या मधे घेवड्याचे दाणे सरकव. तळाला थोडंच पाणी, दाणा बुडता कामा नये, बुडाला की कुजला. पेला खिडकीत ठेव. आधी खाली मूळ सुटतं, कोंब मागाहून. सगळं काचेतून दिसतं, मग उकरेल कशाला? पानं फुटली की डब्यात लावा. तोवर कांद्याच्या पातीचे बुडखे पाण्यात उभे करून ठेवा, ते लगेच वाढतात. पोरांना लवकर काहीतरी दिसावं लागतं. आणि धणे पेराल तर लाटणं फिरवून दोन फाकी करून पेरा. ते काम तिला दे, तुझ्यापेक्षा बरं करेल.

सगळे दाणे उगवायचे नाहीत. एखादा मऊ पडेल, वास मारेल. तो गुपचूप फेकून त्या जागी नवा ठेवशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं करायचं नाही. तिला दाखव. "हा नाही उगवला" म्हण. का, म्हणून विचारलं आणि तुला माहीत नसलं, तर माहीत नाही म्हण. जीभ झडत नाही.

दाणे बास झाले आता. तिने मला पुढे विचारलं, "आजी, बाळ कधी यायचं गं? बाबा म्हणतो उशीर होतोय." मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

सूनबाई दवाखान्यातून रिकाम्या हाताने आली त्याला महिना होत आला, आणि ही पोर कपाटात बाळाच्या कपड्यांसाठी आपला एक खण रिकामा करून बसलीय. उशीर कसला रे? आगगाडी आहे का ती? बाळ गेलं. बघ, मलासुद्धा हे लिहायला एवढा कागद लागला. तुला बोलायला जड जात असणार, समजतं मला. पण तिला वाटतंय आई आपल्यावर रागावून पडून राहते. हे ती त्याआधीच हळू आवाजात बोलली होती, दार लोटून घेऊन. एवढ्याशा पोरीने दार का लोटावं?

आज संध्याकाळी सांग. सूनबाईला शेजारी बसवून सांग. ती रडेल, रडू दे. तूही रडलास तर काही बिघडत नाही.

दुपटं शिवून झालं होतं. ट्रंकेत ठेवलंय. उसवणार नाही, कोणाला देणारही नाही. त्यावर मला कोणी काही विचारू नये.

सोबत नवी पुडी आहे, दाणे मी एकेक निवडलेत.

या पत्राला उत्तर तू द्यायचं नाहीस, सूनबाईनेही नाही. खारीने लिहायचं, तिच्या हाताने, चुका झाल्या तरी चालतील. पेल्यात काय दिसलं ते लिहायचं, आणि बाळाचं तू काय सांगितलंस तेही. हे दुसरं त्यात नसलं, तर पुढच्या गाडीने मी येतेय.

तुझी आई