पाठीला खाज नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून खाजवणं बंद. एकदम पक्कं. नखं कापली, पार मुळापर्यंत.

कारण शोधून काढलंय. दुकानात कॉलरला स्टार्च मारतो, तो बोटांच्या बेचक्यात राहतो आणि वाळला की खाज येते. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या सगळ्यांनाच येत असणार. आमच्या दुकानात इस्त्रीवाला मी एकटाच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. मालक फक्त कपडे घेतात आणि देतात.

रात्री जास्त येते. दिवसभराचा साठलेला स्टार्च.

४ फेब्रुवारी

खाजवलं नाही. झोपेत खाजवलं, ते धरत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मालक म्हणाले, काय रे मुक्या, इस्त्री करतोस की गिटार वाजवतोस. गिऱ्हाईक हसलं. मीपण हसलो.

मुक्या म्हणजे मी. दुकानात बोलत नाही म्हणून. शाळेतही बोलायचो नाही. नववीत सरांनी उभं करून प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण उभा राहिलो आणि ते गेलं. काही दिवसांनी मीही गेलो. घरी सांगितलं, हल्ली शिक्षणात काही अर्थ राहिला नाही. इस्त्री करताना कोणी उभं करून विचारत नाही. तसा उभाच असतो.

प्लॅन: संध्याकाळी मेडिकलमधून क्रीम आणायचं.

संध्याकाळी: मेडिकलमध्ये गर्दी होती. खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

८ फेब्रुवारी

परत मेडिकल. गर्दी नव्हती, पण केमिस्ट फार मोठ्याने बोलतो. खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. तो म्हणाला, अजून खोकला आहे का, छातीचा फोटो काढून घे. बरं म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

जमलं. सांगितलं की एका मित्राला खाज येते. कुठे, म्हणाला. माझा हात आपोआप कमरेकडे गेला, तो खिशात घातला. मग म्हणाला, मित्राच्या घरात अजून कोणाला येते का. विचारून सांगतो म्हटलं. तो म्हणाला, डॉक्टरला दाखव, तोवर ही ट्यूब लाव. मग जरा थांबून म्हणाला, म्हणजे मित्राला लावायला सांग.

माझा मित्र त्याला फारसा पटला नसावा. खरं तर मला मित्र एकही नाही.

११ फेब्रुवारी

घरात विचारायचं ठरवलं होतं. घरी आई, ताई आणि ताईचं बाळ. भावोजींची बदली झालीय, तिकडे खोली मिळाली की ताई जाणार. बाळाला सगळे पिल्लू म्हणतात. मी बटण म्हणतो, मनातल्या मनात.

दुपारी जेवायला घरी येतो तेव्हा बटण माझ्या छातीवर झोपतं. शर्ट काढून, बनियनवर. दुसऱ्या कोणाकडे झोपत नाही. ताईने पाळणा हलवून पाहिला, आईने गाणी म्हणून पाहिली. माझ्याकडे आलं की दोन मिनिटांत बंद. घरात तुझा उपयोग काय असं कोणी विचारलं, तर हा. अजून कोणी विचारलेलं नाही.

खाजेचं विचारायचं राहिलं. बटण झोपलं होतं, आवाज केला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्यूबने फरक पडला. लाली गेली. शिस्तीचा परिणाम.

तरी कपड्यात काही असेल तर तेही संपवावं म्हणून घरातलं सगळं दुकानात नेऊन इस्त्री केलं. बनियन, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणं. फुल हीट. त्यातून कोणी वाचणं शक्य नाही. आईने गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, परस्पर लग्न ठरवलंस का कुठे. ताई पायपुसण्याची कडक घडी बघून इतकी हसली की बटण उठलं.

हसू दे. कळेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खाज परत आली. पहिल्यापेक्षा जास्त. ट्यूब संपलीय म्हणून.

आईसुद्धा कंबर खाजवत होती. म्हणाली, हा नवा साबण बाधतोय. मी म्हटलं, साबणच. इतक्या ठामपणे मी या घरात कधी बोललो नव्हतो. आईने लगेच साबण बदलला.

१९ फेब्रुवारी

बटणच्या तळहातांवर बारीक बारीक पुळ्या. सारखं रडतं. आज माझ्या छातीवरही झोपलं नाही, नुसतं तोंड घासत होतं बनियनला. ताई म्हणाली, उष्णता असेल. मी म्हटलं, उष्णताच.

त्याची दुपटी दोन्ही बाजूंनी इस्त्री करून आणली.

उद्या ताईला माझी बोटं दाखवायची. वाक्य तयार आहे. ताई, जरा बघ ना. अवघड काही नाही त्यात.

२० फेब्रुवारी

ताईचं डोकं दुखत होतं. अशा वेळी बरं दिसत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई बटणला घेऊन डॉक्टरबाईंकडे जाऊन आली. खरूज.

आल्या आल्या तिने सगळं सांगितलं. बाईंनी भिंगातून तळहात पाहिला. बारीक किडा असतो म्हणे, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कातडीत बीळ करून राहतो. अंगाला अंग लागून पसरतो, आणि खाज सुरू व्हायला महिनाही लागतो. बाळाला कोणीतरी रोज बराच वेळ अंगावर घेत असणार, असं त्या म्हणाल्या.

उपाय असा की घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं. खाज असो नसो. मानेपासून तळपायापर्यंत, एक जागा सोडायची नाही, आणि सकाळपर्यंत ठेवायचं. आठवड्याने परत एकदा. कोणी एकजण राहिला, तर त्याच्याकडून पुन्हा सगळ्यांना.

सांगून झाल्यावर ताई रडली. कोणी आणलं हे घरात, म्हणाली. आई म्हणाली, शेजारच्या काकूच असणार, येता जाता पोराला उचलतात, गालाला गाल घासतात. ताईने माझ्याकडे पाहिलं. तुला काय वाटतं.

मी म्हटलं, असू शकतं.

संध्याकाळी काकू आल्या. ताईने दार अर्धंच उघडलं. बाळ झोपलंय म्हणाली. बाळ आत रडत होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल औषध झालं. आईने ताईला लावलं, ताईने आईला, दोघींनी मिळून बटणला. आतल्या खोलीतून आईचं हसू ऐकू येत होतं, तिला गुदगुल्या होतात. मग ताईने बाथरूमचं दार वाजवलं. पाठीला लावून देऊ का. मी आतून सांगितलं, हात पुरतो.

हात पुरत नाही. पण पाठीला खाज नाही. म्हणजे पाठीला ते नाही. सरळ हिशेब आहे. आणि शर्ट काढला की पोटावरचे ओरखडे दिसणार, मग उगाच सगळ्यांना टेन्शन.

बोटं, मनगटं, कंबर. जिथे आहे तिथे व्यवस्थित लावलं. पोटऱ्यांवर कशाला वाया घालवायचं. अर्ध्याच्या वर बाटली शिल्लक.

नंतर हात साबणाने स्वच्छ धुतले. आज सकाळी दुकानात पांढरे शर्ट होते. तेलकट हाताने पांढऱ्याला शिवायचं नाही, हे मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय. कामात मी तडजोड करत नाही.

२७ फेब्रुवारी

बटणच्या पुळ्या सुकल्या. आई रात्री घोरली. ताई दोनदा हसली. चादरी, कपडे सगळे मी उकळून इस्त्री केलेले. घर खरूजमुक्त झालं ते कोणामुळे, हे मी बोलून दाखवणार नाही.

१ मार्च, शनिवार

दुसऱ्यांदा औषधाचा दिवस. बाथरूममध्ये गेलो. वास यायला हवा म्हणून थोडं गळ्याला लावलं. माझा कोर्स खरं तर कधीच पूर्ण झालाय. आधी ट्यूब, मग औषध. घरात सगळ्यांच्या पुढे आहे मी.

४ मार्च, मंगळवार

खाज आहे. पण डॉक्टरबाईंनी ताईला सांगितलं होतं की किडे मेल्यावरही काही दिवस खाज राहते. ती ही. मेलेल्यांची.

दुपारी बटण छातीवर झोपलं. पूर्वीसारखं, तोंड उघडं टाकून, बनियनवर लाळ. कमरेला भयंकर खाज येत होती. हललो नाही. दुकानाला उशीर झाला. मालक म्हणाले, मुक्या, जेवायला गेला होतास की शेत नांगरायला. बोललो नाही. असा कंट्रोल दुसऱ्या कोणाला जमला नसता.

९ मार्च

काकू जिन्यात भेटल्या. पिल्लू कसं आहे, म्हणाल्या. बरं आहे म्हटलं. मग हळूच म्हणाल्या, माझं काही चुकलं का रे. ताई दार उघडत नाही.

दुकानाला उशीर होतोय, असं सांगून मी खाली उतरलो. दुकान आज बंद होतं, मालक गावाला गेलेत. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

काकूंना सांगून टाकायचं. याच आठवड्यात. त्याआधी ताईला. ताईच्या आधी वाक्य नीट करायचं.

१४ मार्च, शुक्रवार

बटणच्या पायांवर आणि पोटावर परत पुळ्या. गळ्याखाली पण. ताईने दुपटं बाजूला केलं आणि तशीच बसून राहिली.

मी म्हटलं, उन्हाळा सुरू झालाय.

१५ मार्च, शनिवार

ताई परत डॉक्टरबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, औषध चांगलं आहे, घरातला कोणीतरी राहिलाय. ताई म्हणाली, आम्ही तर काकूंना दारातसुद्धा घेतलं नाही. बाई म्हणाल्या, काकूंचं सोडा, घरातले हात बघा.

घरी येऊन म्हणाली, हात दाखवा. आईने दाखवले. माझे खिशात होते. काढ, म्हणाली. काढले. तिने एकेक बोट फाकवून पाहिलं. खूप वेळ लावला.

कधीपासून, म्हणाली.

मी म्हटलं, स्टार्चमुळे.

कधीपासून.

बाळ आजारी पडायच्या आधीपासून, म्हटलं. बाटली कुठे आहे, म्हणाली. आणून दिली. तिने उजेडात धरून पाहिली. आईने कपाळाला हात लावला आणि आत गेली. मला वाटलं ताई ओरडेल. ओरडली असती तर माझ्याकडे बरीच कारणं होती. ती एवढंच म्हणाली, शर्ट काढ.

रात्रीची वाट न बघता तिथेच लावायला घेतलं. पाठीला तिने लावलं. मानेपासून खाली, बरगड्यांच्या कडेने. मधे एकदा म्हणाली, एवढंच सांगायचं होतं ना रे. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. भिंतीचा रंग तिथे सोलवटलाय.

काही वाटलं नाही. औषध गार लागतं.

हातही धुवायचे नव्हते. धुतलेच तर परत लावायचं. हे आधी नीट कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, बाथरूमच्या दारातून.

घरातल्या सगळ्यांना परत सगळं.

१६ मार्च, रविवार

मालकांना फोन करून सुट्टी घेतली. फोन ताईनेच लावून दिला, बोलली पण तीच.

मग ती काकूंकडे गेली. भिंतीतून आवाज येत होता. आधी ताईचा, मग काकूंचा, अगं वेडी का तू. मी पण जाणार होतो. पण आता ताईने सांगितलंय, एकच गोष्ट दोघांनी कशाला सांगायची.

नवीन नियम: माझं दुसरं औषध होईपर्यंत बटणला घ्यायचं नाही. डॉक्टरबाईंनी असं काही म्हटलेलं नाही. ताईने म्हटलंय.

१८ मार्च

दुपारी घरी आलो. बटणने हात पुढे केले. मी मागे धरले. ते हसलं, त्याला खेळ वाटला. परत हात पुढे. असं बऱ्याचदा झालं. मग ताईने त्याला उचलून आत नेलं. आत खूप रडलं.

जेवण गरम होतं.

२० मार्च, गुरुवार

भावोजींना खोली मिळाली. ताई शनिवारी सकाळच्या गाडीने जाणार.

माझं दुसरं औषध शनिवारी रात्री.

ताईला म्हणता येईल की मी आजच लावतो. किंवा फुल शर्ट घालून, हातमोजे घालून घेतो, पाचच मिनिटं. उद्या बोलतो.

२१ मार्च

ताई बॅगा भरत होती. अशा गडबडीत कोणाला काय सांगणार.

२२ मार्च, शनिवार

गेली. बॅग मी उचलली. दुपटी इस्त्री करून दिली होती. बटण ताईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं, मग त्याला गाडीची शिट्टी ऐकू आली, मग ते तिकडे बघायला लागलं. ताई खिडकीतून म्हणाली, रात्रीचं विसरू नकोस, पाठीला आईकडून लावून घे. हो म्हटलं. अजून काहीतरी बोलणार होतो. गाडी वेळेवर सुटली.

रात्री आईने लावलं. सगळीकडे.

६ एप्रिल, रविवार

खाज पूर्ण बंद. बोटांत खुणाही नाहीत. वेळेवर उपचार घेतले की असं होतं.

दुपारी जेवायला घरी येतो. जेवून आडवा पडतो. सवयीने शर्ट काढतो. एकदा छातीवर उशी ठेवून पाहिली, उगाच. उशीला तसं वजन नसतं.

आज भावोजींचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला. पिल्लू मजेत आहे म्हणाले, अंग एकदम स्वच्छ. आणि आता त्याला झोपायला कोणी लागत नाही, पाळण्यात ठेवलं की आपलं आपण झोपतं.

आई माझ्याकडे बघत होती.

चांगलं आहे. झोपायची सवय त्याला मीच लावली होती.