भाचीला झोपवण्याचे प्रयत्न

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. कंबर धरली आहे, खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील. खेळाडूंना वाकायचं कसं हे शिकवून पोट भरणाऱ्याने असं बोलू नये, पण तू घरचीच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं ब्लडप्रेशर? इकडे सगळं ठीक नाही.

तुझ्या लेकीच्या नडगीचं हाड धावून धावून थकलं आहे. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरून बजावलं की आता पुरती विश्रांती घेतली तर निवड चाचणीत धावता येईल, नाहीतर हाडाला चीर जाईल आणि मग धावणं विसरा. आता ताई, वजन उचलायला मी कुणालाही शिकवीन. ते खाली ठेवायला शिकवणं माझ्या बापालाही जमायचं नाही (तुझाही बापच तो, माफ कर). म्हणून डोळ्यांसमोर असावी या हिशेबाने तिला हॉस्टेलवरून माझ्या घरी आणली. पहिल्याच दुपारी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर आले, कारण त्यांच्या मशीनवर छताचा गिलावा पडत होता. आत जाऊन बघतो तर ही एका पायावर उड्या मारतेय! दुखऱ्या पायाला विश्रांतीच देतेय, म्हणाली. मी दोरी, डंबेल्स, सगळं लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी हिने ढकलून ढकलून कपाटच स्वयंपाकघरात पोचवलेलं. रागाच्या भरात मी ते एकट्याने मागे ढकलायला गेलो, आणि कसं ढकलू नये म्हणून मी पोरांवर ओरडतो, नेमकं तसंच ढकललं. तेव्हापासून घरात विश्रांती घेणारा मी एकटाच आहे.

हसू नकोस. आमचे मुख्य प्रशिक्षक म्हणतात, मामाने पोरगी लाडावून ठेवली. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकापाशी पास तपासायला एक बाई बसते, पाय स्टुलावर लांब करून. कधीकाळी लांब उडीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिलाही कुणी थांब म्हटलं नाही. रोज येता-जाता ती मला हसून नमस्कार करते आणि माझा दिवस तिथेच संपतो. मला भीती वाटते ताई, बाकी काही नाही.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. काल जेवल्यावर ती चक्क दुपारभर झोपली. मी दाराची कडीसुद्धा वाजू दिली नाही. जागी झाली ती दचकून, आणि पहिलं वाक्य काय, तर "मामा, मी झोपले होते हे आईला सांगू नकोस." मी तसं वचन दिलं आहे. तेव्हा हे तू वाचलेलं नाहीस.

आणखी एक ता. क. पहाटे तिला फोन करून बाकीच्या पोरी मैदानावर पोचल्या असतील असं कोण सांगतं, ते मला कळलं आहे. भांडायला हे पत्र लिहिलं नाही. तू फोन बंद केलास तरी ती त्या वेळेला उठून वाट बघत बसेल, तेव्हा बंद करू नकोस. रोजच्या वेळेला कर आणि तिला झोप म्हण. माझं म्हणणं तिला खरं वाटत नाही.