बोटभर आत

ताई,

तुम्ही रोज फोनवर विचारता, "माझ्या बहिणीच्या ऑपरेशनची तारीख आली का?" मी नाही म्हणतो. पण तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलचा फोन आला होता. कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं होतं. "उद्याच दाखल करा," म्हणाले. मी सांगून टाकलं, तिला ताप आहे.

ताप कसला! ती समोर बसून माझ्या शर्टांना बटणं लावत होती, गिऱ्हाइकांच्या नकला करून खिदळत होती. लग्नानंतर इतके निवांत आम्ही कधी बसलोच नव्हतो. शिंपी माणूस मी, जन्मभर लोकांना 'दोन दिवसांनी या' सांगत आलो. तेच केलं. आता रोज हॉस्पिटलच्या खिडकीशी उभा राहतो, तर तिथली बाई मलाच म्हणते, "दोन दिवसांनी या."

फोन आला त्याच दिवशी तिच्यासाठी पुढून बटणांचा गाऊन शिवला होता. अंगाला अगदी नीट बसला होता. आज पुन्हा घातला, तर खांद्यावरून घसरला.

"माप चुकलं वाटतं तुमचं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो आणि गाऊन बोटभर आत घेतला.

हे पत्र टाकायची हिंमत नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा