कपाटातल्या साहेबांची साखर

तीर्थस्वरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. तू खुशाल असशील असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण मला तसं वाटत नाही. काकांनी कळवलं की तू साखरेच्या गोळ्या बंद केल्यास, पायाची जखम मोजा घालून लपवतेस आणि कोणी विचारलं की फोनवरचं साखरेचं अ‍ॅप दाखवून ‘मी हिरवी आहे’ म्हणतेस. मलाही तेवढंच सांगून फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र.

वर काकांना म्हणालीस म्हणे, अ‍ॅपमध्ये काही वाकडं असतं तर माझ्या भाच्याच्या ऑफिसने ते केव्हाच बंद केलं असतं. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तेव्हा भाच्याचं ऑफिस काय करतं ते एकदा ऐकून घे.

आम्ही औषधं तपासतो. अ‍ॅप म्हणजे औषध, यंत्र की पुस्तक, यावर बैठकांवर बैठका झाल्या आणि शेवटी, काही ठरेपर्यंत त्याला औषध समजावं असं ठरलं. औषध म्हटलं की नमुना आला, आणि नमुन्याचे तीन भाग करून लाखेने सीलबंद करायचे हा नियम. आता अ‍ॅपचे तीन भाग कसे करणार? आम्ही तीन फोन आणले. एक कंपनीला दिला, एक प्रयोगशाळेला, एक आमच्या कपाटात. प्रयोगशाळेने कळवलं की नमुना पाण्यात विरघळत नाही. (आणि आता सुरूही होत नाही, तरी दुसरा पाठवावा.)

अ‍ॅप चालू करायला रोगी लागतो. आपली साखर सरकारी कपाटात ठेवायला कोणी तयार होईना, म्हणून आमच्या जुन्या साहेबांची माहिती भरली. त्यांना साखरेचा जुना त्रास, ऑफिसात लावलेल्या औषधांच्या बिलांमुळे सगळे आकडे हाताशी, आणि गेल्या वर्षी ते वारल्यामुळे त्यांची हरकतही नव्हती. फोनला लाख लावली, कपाटाला कुलूप घातलं. (चार्जरची वायर फटीतून आत सोडली आहे. नियमात वायरीबद्दल काही नाही.)

दुसऱ्या दिवसापासून कपाट बोलायला लागलं. रोज सकाळी गोड आवाजात विचारतं, आज कसं वाटतंय, काही त्रास? साहेब गप्प. मग जरा थांबून कपाट म्हणतं, शाब्बास, तुम्ही हिरव्या गटात आहात, गोळी कमी करायला हरकत नाही. उत्तर नाही म्हणजे त्रास नाही, असा त्याचा हिशोब. मी धावत नव्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कोणाची तक्रार आहे का? म्हणजे आमचाही हिशोब तोच. शुक्रवारपर्यंत वापरणाऱ्याची लेखी तक्रार आली नाही, तर अ‍ॅपला मान्यता मिळाली असं समजायचं. तक्रार करणार कोण? ज्यांचं बिघडलं ते दवाखान्यात पडलेत आणि बाकीचे हिरवे आहेत. मी लिहिली तर ऑफिसचा माणूस म्हणून ती बाद. मी आपला डोक्याला हात लावून कपाटासमोर बसतो.

आणि तू तर जन्मात कधी दुखतंय म्हणाली नाहीस. लहानपणी मला साधं खरचटलं तरी घर डोक्यावर घ्यायचीस, आणि स्वतःचा हात भाजला तर पदराखाली. तुझ्यासारख्या बाईला हे अ‍ॅप शेवटपर्यंत हिरवीच म्हणणार, याची मला फार भीती वाटते.

काकांना नमस्कार.

तुझा,
हात टेकलेला भाचा

ता. क. बुधवारी रजा टाकून येतो. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेऊ. तो रिपोर्ट आणि तुझ्या सहीची तक्रार मला शुक्रवारच्या आत हवी आहे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. तक्रार राहू दे. ती दिली तरी कोणत्या टेबलावर पडून राहील ते मला माहीत आहे. तू फक्त मोजा काढून डॉक्टरांना पाय दाखव.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कपाट बोललं. उद्यापासून साहेबांना गोळीची मुळीच गरज नाही म्हणे. साहेबांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण मावशी, तुलाही त्याने हेच सांगितलंय.